सात नंबरची ओळ

तात्यांनी मला सोळा वर्षांत एकदाच शाबासकी दिली, आणि ती मी चोरलेली होती.

म्हणून आधी शिव्यांचं सांगते. त्या माझ्या हक्काच्या होत्या.

तात्या दस्तलेखक. रत्नागिरीत कचेरीसमोर पत्र्याच्या टपऱ्यांची रांग होती, तिच्यात डावीकडून तिसरी त्यांची. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र. जमीन कुणाचीही असो, भांडण कुणाचंही असो, भाषा तात्यांची. अंगाने सुकवलेल्या आमसुलासारखे आणि चवीलाही तसेच. उजव्या कानावर लालनिळी पेन्सिल. लाल टोक पुढे असलं की त्या दिवशी जपून राहायचं, निळं पुढे असलं तरी जपूनच राहायचं. मी त्यांची टायपिस्ट.

टपरीत दोन वस्तूंना मज्जाव होता: खोडरबर आणि चुका झाकायची ती पांढरी शाई. हाताने लिहिलेल्या दस्तात चूक झाली तर एकच आडवी रेघ मारायची, रेघेखालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी समासात सही करायची आणि दस्ताच्या शेवटी लिहायचं, ‘अमुक ओळीत एक शब्द खोडला तो मान्य.’ ही सगळ्याच दस्तलेखकांची रीत. पण बाकीचे ती दस्तापुरती पाळत. तात्यांनी तिचा धर्म केला होता. “खोडावं, पुसू नये,” ते म्हणायचे. “खोडतो तो माणूस. पुसतो तो चोर.”

मी लागले त्याच महिन्यात टाईपरायटरवरची एक चूक ब्लेडने हलकेच खरवडली होती. तात्यांनी कागद उजेडासमोर धरला, त्या विरलेल्या जागेतून माझ्याकडे एक डोळा लावून बघितलं आणि म्हणाले, “शालन, तुझ्या अकलेला पडलेलं भोक माझ्या कागदाला कशाला पाडलंस गो?”

खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत त्यांनी सुतळी बांधली होती आणि तिला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. चुकलेला कागद त्या सुतळीवर जायचा. चुकीभोवती लाल गोल, खाली चुकणाऱ्याचं नाव, मुक्काम आठ दिवस. आलेले पक्षकार बसल्या बसल्या वाचायचे, दुसरं करायचं काय? माझं नाव तिथे इतकं लोंबायचं की पावसकडचे एक म्हातारे मला म्हणाले, “बाई, जिकडे बघावं तिकडे तुमचंच नाव. टपरी तुमची काय?”

सासूबाई आजारी पडल्या तेव्हा मी रजेचा अर्ज दिला. ‘सासूबाई अत्यवस्थ असल्याने दोन दिवस रजा मिळावी.’ तात्यांनी ‘दोन दिवस’ला लाल गोल केला आणि खाली लिहिलं, ‘दोन दिवसांत उरकेल याची हमी कोणी दिली? कालावधी मोघम लिहावा.’ रजा दिली. अर्ज मात्र सुतळीवर लावला. सासूबाई त्यानंतर नऊ वर्षं जगल्या, आणि त्या नऊही वर्षांत तात्या अधूनमधून मान वर न करता विचारीत, “काय गो, अत्यवस्थ कशा आहेत?”

मी काय करायची? हसायची. चाळिशीतली घोडी, पोटातून जळायची आणि वरून दात काढायची. आज नातवंडं विचारतात, आजी तू उलट का बोलत नव्हतीस? अरे, मला बोलायला यायचं, पण धैर्य यायचं ते घरी पोचल्यावर, आंघोळीच्या वेळी. न्हाणीघरात मी तात्यांना जे जे सुनावलंय ते ऐकून आमचा तांब्या लाजायचा.

पण घरच्यांनाही सूट नव्हती. तात्यांच्या बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, माहेरी देवरुखला गेल्या की पोस्टकार्ड धाडीत. भोळं कार्ड, आंबा मोहरला, वहिनीला मुलगी झाली, तुमच्या गोळ्या फडताळात आहेत. तात्या ते टपरीत वाचत, लाल पेन्सिलने ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करीत आणि पाकिटात घालून देवरुखला परत पाठवत. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी कार्ड आलं ते कोरं. नुसता पत्ता. तात्यांनी ते उलटंसुलटं केलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, आणि पत्त्यात एक दुरुस्ती करून परत पाठवून दिलं. त्यानंतर काकूंचं कार्ड आलं नाही आणि काकूही आल्या नाहीत. दुपारचा डबा खानावळीतून यायला लागला, आणि खानावळवाल्याच्या बिलावर लाल गोल दिसायला लागले.

अठ्ठ्याण्णव साली टपरीत कॉम्प्युटर आला. तात्यांना नको होता, पण शेजारच्या टपऱ्यांतून छापील दस्त निघायला लागले आणि पक्षकार तिकडे वळायला लागले. मी तीन महिन्यांचा कोर्स केला, सर्टिफिकेट काचेत बसवून घेतलं आणि टपरीत टांगलं. तेव्हापासून मी शालनची ‘विदुषी’ झाले. “विदुषी, तुमचं यंत्र खोडतं कसं ते दाखवा.” मी एक शब्द खोडून दाखवला. शब्द गायब. तात्या खुर्चीतून उठलेच. “पुसलं! हे तर चोर आहे.”

क्लासचे मास्तर मशीन बसवायला आले होते, त्यांनी एक कळ दाबून दिली. म्हणाले, आता खोडा. मी खोडलं. शब्द तिथेच राहिला, लाल झाला आणि त्याच्या पोटातून एक आडवी रेघ गेली. नवीन शब्द शेजारी रंगीत उमटला. वर बाण नेला तर चौकट आली: कोणी बदल केला, कोणत्या दिवशी, किती वाजता.

तात्या खाली बसले. बोटाने पडद्यावरच्या त्या रेघेला हात लावून बघितला. चाळीस वर्षं हा माणूस जे हाताने करत आला, ज्यासाठी घरच्या बाईला मुकला, ते कुणीतरी सातासमुद्रापार यंत्रात घालून ठेवलं होतं. त्यांचे डोळे भरले होते की काय ते मी बघितलं नाही, कारण मी मास्तरांसाठी चहा सांगायला गेले होते. आले तेव्हा ते स्वतःशीच म्हणत होते, “रेघ. नाव. वेळ. इमानदार आहे मेलं.”

त्या दिवसापासून दोन गोष्टी झाल्या. एक, तात्यांनी कच्चा मसुदा हाताने लिहिणं सोडलं. ते सांगत, मी टाईप करी, मग ती नोंदीची कळ चालू करून आम्ही दुरुस्त्या करीत असू. आणि दुसरी, जी माझ्या लक्षात आली, त्यांच्या आली नाही. पूर्वी ते छापायच्या आधी आख्खा दस्त बोट ठेवून मोठ्याने वाचीत. आता फक्त रंगीत जागा वाचायला लागले. जिथे रंग नाही तिथे बदल नाही, बदल नाही तिथे बघायचं काय? सुतळीवर आता छापील कागद लागायला लागले, माझ्या नावासकट, वेळेसकट. ‘शालन, अकरा वाजून चार मिनिटं.’ म्हणजे पूर्वी मी नुसती मूर्ख होते, आता किती वाजता मूर्ख होते तेही लोकांना कळायला लागलं.

आणि मग मला शोध लागला की इमानदाराला झापड येते.

दुसऱ्या फायलीतून उचलून आणलेला परिच्छेद तो कधी रंगवायचा, कधी गुपचूप गिळायचा. तक्त्यात तर त्याचं काही खरं नव्हतं. तक्त्यातलं एक अक्षर खोडलं की लगेच लाल. पण आख्खी आडवी ओळच काढून टाकली की एक इंग्रजी पाटी यायची. तिचा अर्थ एवढाच, की हा बदल मी नोंदणार नाही, चालेल का? चालेल म्हटलं की ओळ गेली. रेघ नाही, नाव नाही, वेळ नाही. नव्याने घातलेल्या ओळीचंही तेच. मी एकदा तात्यांना सांगायला गेले. “तात्या, हा कधी नोंदवतो, कधी नाही. तक्ते तरी वाचत जा तुम्ही.”

“यंत्र खोटं बोलत नाही, विदुषी. त्याला सासू नाही.”

ठीक. मग मी सांगायची थांबले आणि वापरायला लागले. तक्त्यात माझं काही चुकलं की मी अक्षर दुरुस्त करीतच नसे. आख्खी ओळ काढायची, पाटीला चालेल म्हणायचं, नवीन ओळ घालून स्वच्छ टाईप करायची. वर्षभर तक्त्यातल्या चुकीसाठी माझं नाव सुतळीवर लागलं नाही. मला वाटायचं, काय मी हुशार! ब्लेड गेलं होतं, पण खरवडायची खोड गेली नव्हती.

हातखंब्याच्या पुढे आत एका गावच्या वाटणीचं काम आलं. थोरला भाऊ गणपत, आणि धाकट्याची विधवा सुभद्रा. खाचरं, कलमं, घरठाण, असा अकरा ओळींचा तक्ता. सात नंबरची ओळ होती बावीची, म्हणजे विहिरीची: बावीतला अर्धा हिस्सा आणि बावीकडे जायची वाट सुभद्रेकडे. आणि दस्ताच्या शेवटी नेहमीचं कलम, की तक्त्यात न आलेली उरलीसुरली मिळकत थोरल्याकडे राहील.

सात नंबरच्या ओळीत मी वाटेची रुंदी चुकवली होती. दस्तूर, म्हणजे लिहिणारा हात, शालन. ओळ काढली. पाटी आली. चालेल. आता नवीन ओळ घालणार, इतक्यात दारात कोळीण ओरडली, “बाय, सुरमय हाय गो, मगाशीची नाय, आताची!” मी उठले. सुरमई बघितली, घासाघीस केली, घेतली, हात धुतले, परत येऊन बसले, आणि पुढच्या पानाला लागले. तक्त्याचे नंबर यंत्राने आपोआप वर सरकवून ठेवले होते. आठाचे सात, नवाचे आठ. कुठे फट नाही. तात्यांनी रंग बघितले, दोन ठिकाणी निळं होतं ते वाचलं, आणि छाप म्हणाले. पक्षकारांनी सह्या, अंगठे दिले. त्यांच्यातलं कोण मोजतंय?

सुरमई छान होती, खोटं का बोला.

दोन महिन्यांनी सुभद्रा आली. पायऱ्यांशी उभी राहिली, आत येईना. तात्यांनी “ये गो” म्हटल्यावर आली आणि दस्ताची नक्कल बाकावर ठेवली. “तात्यानू, कागदात माजी बाव नाय. भावजींनी वाटेवर गडगा घातलानी. मी पऱ्यावरनं पानी आनतंय.”

तात्यांनी नक्कल घेतली आणि प्रथमच, वर्षादीडवर्षाने, बोट ठेवून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. दहा ओळी. पुन्हा मोजल्या. मग मला म्हणाले, “फाईल उघड. खुणांसकट.”

मी उघडली. तात्या पडद्याला नाक लावून एकेका रंगापाशी थांबले. नाव, वेळ. नाव, वेळ. तक्त्यात एकही खूण नव्हती. बाव तिथे कधी नव्हतीच, असं इमानदार सांगत होता.

सुभद्रा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. मग तात्यांनी कानावरची पेन्सिल काढून बाकावर ठेवली आणि मला विचारलं. शालन म्हणाले, विदुषी नाही.

“शालन, बावीची ओळ मी तुला सांगितली होती काय?”

मला सगळं आठवत होतं. वाटेची रुंदी आठवत होती. सुरमईचे डोळे आठवत होते. आणि सुतळी दिसत होती, आणि सोळा वर्षांचे लाल गोल, आणि ‘अत्यवस्थ कशा आहेत.’

“आठवत नाही, तात्या.”

“नाहीच आठवणार. सांगितलंच नाही तर आठवेल कुठून?” ते म्हणाले. “तुझं काम चोख आहे. मीच म्हातारा झालो.”

हीच ती शाबासकी.

चूक दुरुस्तीचा लेख करता येतो, पण त्यावर गणपतची सही लागणार, आणि तो कशाला देतो? तात्या त्याच्या गावी गेले. एस.टी. करून, चालत, कातळावरून, छत्री घेऊन. गणपत भेटेना, तर ते वाट अडवणाऱ्या त्या नव्या दगडी गडग्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी गणपत आला. सुभद्रा नंतर सांगत होती ते असं. गणपतला बाव सोडायला हरकत नव्हती म्हणे, त्याला गावात खाली मान घालायची नव्हती. लोक म्हणत होते, भावजयीचं पाणी लबाडीने तोडलंन. तो म्हणाला, “चूक तुमची, मी कशाला चोर होऊ? तुम्ही लिहून लावा, सगळ्यांना दिसेल असं. मग देतो सही.”

तात्यांनी लिहून लावलं.

त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, हाताने. ‘अमुक दस्तात बावीची ओळ सांगावयाची माझ्याकडून राहिली. थोरल्या बंधूंकडे कोणताही दोष नाही. माझे वय झाले असून यापुढे माझ्या हातून दस्त लिहून घेऊ नयेत.’ शेवटचं वाक्य गणपतने मागितलं नव्हतं. ते तात्यांनी आपल्या पदरचं घातलं. ‘माझ्याकडून’भोवती लाल गोल केला, खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि कागद सुतळीवर लावला. मुक्काम आठ दिवस.

आठही दिवस ते त्या कागदाखाली बसले. काम नव्हतं, तरी दहाला यायचे, पाचला उठायचे. रांगेतल्या सगळ्या टपऱ्यांतले लोक बघायला आले. ज्यांची नावं त्या सुतळीवर कधी ना कधी लोंबली होती ते सगळे आले. कुणी चहा घेऊन आलं, कुणी भजी. एकाने मोठ्याने वाचून दाखवलं. तात्या म्हणाले, “विराम चुकलास. पुन्हा वाच.” त्याने पुन्हा वाचलं.

आणि मी? मी भजी खाल्ली. कांद्याची होती. मला वाईट वाटलं असं आज लिहिता येईल, पण ते खरं नाही. त्या आठ दिवसांत मला गुदगुल्या होत होत्या. सोळा वर्षं ज्याने मला टांगलं तो टांगला गेला होता, आणि दोरी ओढणारा हात कुणाला दिसत नव्हता. वाईट वाटायला मला पुढे सहा वर्षं लागली. मी पहिल्यापासून मंद.

नवव्या दिवशी तात्यांनी कागद उतरवला, सुतळी सोडून गुंडाळली आणि चिमटे मोजून एका पिशवीत भरले. दुरुस्तीच्या लेखावर गणपतची सही झाली, गडगा फुटला, सुभद्रेची बाव सुभद्रेला मिळाली. तात्या टपरी विकून देवरुखला गेले. काकूंकडे. काकूंनी दार उघडलं म्हणतात, पण बोलल्या काय ते कुणाला ठाऊक नाही.

सहा वर्षांनी कळलं की तात्या फारसे हिंडत नाहीत आता. मी तेव्हा नुकतीच आजी झाले होते. नातीला मांडीवर घेऊन बसले की मनात यायचं, हा माणूस असाच मेला तर वर जाऊन माझी वाट बघत बसेल, आणि तिथे सुतळी केवढी लांब असेल! भीतीच ती. पश्चात्तापाला मी तेवढी मोठी नव्हते.

तोंडी बोललेलं तात्या मानत नसत, म्हणून एका कागदावर हाताने लिहिलं. ‘सात नंबरची ओळ मी काढली. यंत्राने नोंद केली नाही. तुमची चूक नव्हती. क्षमा असावी.’ आणि देवरुखची एस.टी. धरली.

काकूंनी दार उघडलं. तात्या ओटीवर खुर्चीत होते. आणखी सुकले होते, पण कानावर पेन्सिल होती. “विदुषी,” म्हणाले. मी कागद दिला. त्यांनी बोट ठेवून वाचला. संपला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. चेहऱ्यावर काही नाही. मग पेन्सिल काढली, एक वेलांटी दुरुस्त केली.

“दिनांक नाही.”

मी दिनांक घातला.

“आणि एक ओळ राहिलीय.”

“कुठली, तात्या?”

“मी विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस ते यात नाही.”

मी तिकडे काकूंकडे बघितलं. काकू खांबाला टेकून उभ्या होत्या, त्यांनी नजर काढली नाही. तात्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मी लिहिलं. ‘विचारले तेव्हा आठवत असून आठवत नाही असे सांगितले.’

त्यांनी ते वाचलं. मग लाल टोकाने पहिल्या वाक्यावर, ‘सात नंबरची ओळ मी काढली’वर, एक आडवी रेघ मारली. सरळ, हलकी, खालचं अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. समासात आद्याक्षरं घातली. तळाशी लिहिलं, ‘वरील एक वाक्य खोडले ते मान्य.’ मला सही करायला लावली, स्वतः केली. मी वाट बघत होते की पेन्सिल खाली सरकेल. शेवटच्या ओळीपाशी ती आलीसुद्धा. तिथे थोडी थांबली.

मग तात्यांनी ती कानावर ठेवली.

“एस.टी. कितीची तुझी?”

काकूंनी मला कोकम सरबत दिलं, ते मी उभ्याउभ्याच प्यायले. निघाले. बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, बाहेर पडून रस्त्यावर आल्यावर मागे वळून बघितलं.

अंगणात काकूंची लुगडी वाळत होती. तात्या काठी टेकत तिथवर आले होते. दोन लुगडी बाजूला सारून त्यांनी जागा केली आणि खिशातून एक जुना लाकडी चिमटा काढून माझा कागद दोरीवर लावला. वारा होता. कागद फडफडायला लागला तसा त्यांनी खालचा कोपरा बोटांत घट्ट धरला, काकूंना नीट वाचता यावा म्हणून.